बिनशिट्टीचा कुकर

समजा, तुमच्यापुढे एक काच आहे. काचेवर टॉन्सिलचा काप, इतका पातळ की कांद्याचा पापुद्राही त्याच्यापुढे गोधडी वाटावा. हा काप तुम्हाला कुकरमध्ये शिजवायचा आहे आणि तरी तो काचेवरून हलता कामा नये. मग बोटभर बाटलीतला एक थेंब त्याच्यावर ठेवायचा. सगळं जमलं, तर काही पेशींची केंद्रकं तपकिरी होतील. चुकलं, तर हातात राहील नुसती काच.

२००४ च्या हिवाळ्यात बालाघाटच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये वसंता हेच करत होता, आणि दोनदा त्याच्या हाती नुसती काच आली होती.

वसंता मूळचा रामपायलीचा. एकोणीस वर्षं याच लॅबमध्ये टेक्निशियन. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवावा, त्याचे काप काढावे, ते रंगवावे. यात त्याचा हात असा, की डॉक्टर सुनीती मॅडम काच उजेडात धरूनच "हा वसंताभाऊंचा काप" म्हणून ओळखत. पण साध्या रंगाने ज्या गाठीचा उलगडा होत नसे, तिचा ठोकळा कापसात गुंडाळून गोंदियाच्या बसने पुढे नागपूरला जाई आणि आठवड्याने टाइप केलेला कागद परत येई. तिथे कोणता रंग उठला, कसा दिसला, हे वसंताने एकदाही पाहिलं नव्हतं. "आपल्याच पोरीचं लग्न, अन् आपण मांडवाच्या बाहेर," असं तो म्हणे.

म्हणून मॅडमच्या नागपूरच्या मैत्रिणीने सायक्लिन डी-वनच्या अँटिबॉडीची छोटी बाटली पाठवली, तेव्हा वसंताला पंख फुटले. लाईट गेली की बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायचं कामही तो दुसऱ्या कुणाला देईना. सायक्लिन डी-वन हे पेशीला 'चल, आता एकाचे दोन हो' असं सुचवणारं प्रथिन. ते फार साचलं, तर पेशी थांबायचं नाव घेत नाही. अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि नंतर घातलेला तपकिरी रंग तिथेच उठतो. निरोगी टॉन्सिलच्या अस्तरातही हे प्रथिन थोडं असतंच, त्यामुळे पहिला सराव टॉन्सिलवर.

फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या तुकड्यातलं प्रथिन झाकलं जातं, ते उघडं पडायला काप आधी उकळावा लागतो. साध्या भांड्यात उकळून चार काचा झाल्या. रंग उठेना. मैत्रीण फोनवर म्हणाली, "कुकर घ्या. फुल प्रेशरला तीन मिनिटं." वसंताने घरचा कुकर आणला, सायट्रिक ॲसिडचं पाणी भरलं, काचा सोडल्या. आता बालाघाटात कुकर कुणी मिनिटांवर लावतं का? कुकर शिट्ट्यांवर लागतो. वसंताने तीन शिट्ट्या दिल्या आणि उतावीळपणे चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडली. उघडून पाहतो तर काप पाण्यात तरंगताहेत. दुसऱ्या दिवशीही तेच.

"बाटलीत एका काचेपुरतंच उरलंय," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी शेवटचं करू. नाही जमलं, तर पहिल्यासारखे ठोकळे बसमध्ये."

"हौ मॅडम," वसंता म्हणाला. त्या दिवशी त्याचा डबा भरलेलाच घरी गेला.

शनिवारी सकाळी त्याची बायको रुख्माबाई स्वतःच लॅबमध्ये येऊन उभी राहिली.

"पाच दिवस झाले जी, मी कुकरबिगर गंजात भात शिजवून राह्यली. तुमचं काय शिजूनच नाही राह्यलं का?"

"शिजते, पण सुटते," वसंता म्हणाला. "तीन शिट्ट्या झाल्या का काप पाण्यात."

"तीन काहून?"

"नागपूरच्या बाईंनी सांगितलं."

मायक्रोस्कोपवरून मॅडमनी मान वर केली. "तिने मिनिटं सांगितली होती, वसंताभाऊ. शिट्ट्या कुणी सांगितल्या?"

रुख्माबाईला हसू आवरेना.

"अन् शिट्टी उचलली असंल वरून."

"घरी नाही का उचलत, भूक लागली का?"

"तुम्ही उचलता. मी उचलते का कधी?" ती मॅडमकडे वळली. "बाई, चिन्नोरच्या भाताले आम्ही शिट्टी होऊच देत नाही. नाजूक तांदूळ तो. शिट्टी झाली का आतलं पाणी उसळते अन् शिताचा लगदा. कुकर सूं सूं करायले लागला, का तवाच आच बारीक करायची. मंग मोजा तुमचे मिनिटं. उतरवल्यावर हात नाही लावायचा. आपला आपण उघडते तो."

मॅडम उठून कुकरपाशी आल्या. "म्हणजे आत प्रेशर राहील, पण पाणी उसळणार नाही. रुख्माबाई, तुम्हीच बसा ना गॅसपाशी."

रुख्माबाई आचेशी बसली, वसंता घड्याळाशी. शिट्टी झाली नाही. उतरवलेल्या कुकरकडे वसंताचा हात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रुख्माबाईने तो बाजूला केला. झाकण सैल झालं, तेव्हा काप जागच्या जागी होता. मग शेवटचा थेंब, तासभर थांबणं, धुणं, तपकिरी रंग, बाकीच्या पेशींसाठी निळा रंग.

दुपारी काच मायक्रोस्कोपवर चढली. मॅडम खुर्चीवरून उठल्या. "आधी तुम्ही पाहा."

वसंताने डोळा लावला. निळ्या गर्दीत, अस्तराच्या खालच्या कडेने, तपकिरी ठिपके पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसले होते. तो बराच वेळ हललाच नाही.

"सरका ना," रुख्माबाई म्हणाली. मग वाकून म्हणाली, "मले तर माझ्या पापण्याच दिसून राह्यल्या." मॅडमनी तिचं डोकं जरा मागे घेतलं. "अरे हौ. शेंगदाण्याच्या सालीचा रंग. ठेवा मंग तो कुकर इथंच, मी नवा घेते."

महिन्याभरात मोठी बाटली आली आणि सायक्लिन पाहायचे ठोकळे बसमध्ये जायचे थांबले. एकदा चहा पिताना मॅडमनी सांगितलं, की ही अँटिबॉडी सशापासून मिळते. माणसाचं सायक्लिन सशाला टोचतात, त्याच्या अंगाला ते परकं वाटतं, म्हणून अंग त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. वसंताने कप खाली ठेवला. सशाच्या पेशीही एकाच्या दोन होतात ना, मग त्याच्यात सायक्लिन नसतं का? असतं, मॅडम म्हणाल्या, जवळजवळ आपल्यासारखंच. त्यापुढचं पुस्तकात पाहून सांगते असंही म्हणाल्या. तेव्हापासून नवी बाटली फ्रीजमध्ये ठेवताना वसंता न चुकता विचारतो:

"मॅडम, ते सशाजवळ आधीपासूनच होतं, तर त्याच्या अंगाले ते परकं काहून वाटलं?"