सरकारी फायलीतला जबाब

पेणच्या कोर्टात मी टायपिस्ट होतो तेव्हा एक सरकारी वकील रोज रोह्याहून यायचे. बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत राहायचे. आरोपीच्या साक्षीदारालाही "दादा, सावकाश सांगा" म्हणायचे, याचं मला नवल वाटे.

एकदा चोरीच्या खटल्यात एक कातकरी मजूर आरोपी होता. 'चोरीच्या दिवशी तो माझ्या शेतावर भात कापत होता,' असा रोह्याकडच्या एका शेतकऱ्याचा जबाब सरकारी फायलीत निघाला. आरोपीच्या वकिलाला त्या जबाबाचा पत्ताच नव्हता. सरकारी वकिलांनी तो स्वतः उठून न्यायाधीशांपुढे ठेवला आणि मजूर सुटला.

बाहेर मी विचारलं, "साहेब, हातची केस घालवलीत नाय?"

"निर्दोष माणसाला आत टाका, असं सरकारनं मला कधी सांगितलंय?" असं म्हणून ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले.