थांबाकाकांची निळी टेप

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात कुणीही काहीही सुरू करायला गेलं की मागून एक आवाज यायचा, "थांबा." मग केकवर सुरी टेकलेली असो, नाहीतर गणपतीपुढे कापूर पेटवायला काडी ओढलेली असो. "थांबा. आधी खिडकी उघडा. स्मोक अलार्म वाजला तर आरती फायर ब्रिगेडबरोबर म्हणावी लागेल." लोक हसायचे, कुणीतरी खिडकी उघडायचं आणि मग आरती सुरू व्हायची. त्यांचं खरं नाव मंडळाच्या यादीत असेलच, पण लहानथोर सगळे त्यांना थांबाकाकाच म्हणायचे.

काका मूळचे मिरजेचे. इथे आल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मोटारींचे ब्रेक बनवण्याचं काम केलं. "गाडी पळवणारे शंभर इंजिनियर असतात," ते म्हणायचे, "थांबवणारा एखादाच असतो, आणि त्याला पार्टीला कुणी बोलवत नाही." हे ते आमच्याच घरच्या पार्टीत, तिसरी पुरी घेताना सांगत असत.

मी त्यांच्या अगदी उलट. मायक्रोवेव्हचे शेवटचे दहा सेकंद मला कधी पुरे करता आलेले नाहीत. तरी आमचं जमलं, त्याला कारण माझी रायफल. नागपूरला कॉलेजात असताना मी नेमबाजी करायची. लग्न, व्हिसा, नोकरी या धबडग्यात ती सुटली. पुढे ग्रीन कार्ड आलं, हातात जरा वेळ आला, आणि मी एक जुनी रायफल विकत घेतली. स्वीडनच्या सैन्यात वापरलेली, माझ्या आजोबांपेक्षा वयानं मोठी, प्रत्येक गोळीमागे हातानं बोल्ट ओढायला लावणारी. मंडळातल्या बायकांनी "अगंबाई!" म्हणून विषय बदलला. एकट्या काकांनी विचारलं, "चाप किती जड आहे?"

चाप फारच जड होता. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा तो ओढत राहायचा, आणि गोळी नेमकी कधी सुटणार याचा पत्ता लागायचा नाही. नेम बरोबर धरला तरी शेवटच्या क्षणी हलायचा. अशा जुन्या रायफलींना बसणारा नवा, हलका चाप बाजारात मिळतो. मी तो मागवला आणि खोकं घेऊन थेट काकांच्या बेसमेंटमध्ये गेले. माझ्या अंदाजानं तासाभराचं काम होतं.

"थांब," काका म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हा चाप जड केलाय, तो काय वेडा होता? थंडीत बोटं आखडलेल्या पोराच्या हातून चुकून गोळी सुटू नये म्हणून केलाय. तू तो हलका करणार, तर त्याची काळजी आता तुला करावी लागेल."

तासाभराचं काम तीन शनिवार चाललं. नवा चाप जुन्यापेक्षा रुंद, त्यामुळे लाकडी दस्ता आतून थोडा कोरावा लागणार होता. नेमका कुठे, हे कळायला काकांनी काकूंची काजळाची डबी पळवली. चापाच्या पेटीला काजळ फासायचं, ती लाकडात दाबून बघायची, जिथे काळा डाग उठेल तेवढंच कानशीनं घासायचं, पुसायचं, की पुन्हा काजळ. मी म्हणायची, "काका, ड्रेमेलचं मशीन मारू ना यार, पाच मिनिटांत होईल." ते म्हणायचे, "लाकूड काढता येतं गं, परत घालता येत नाही." वरून काकूंचा आवाज यायचा, "अहो, माझी डबी तेवढी शाबूत ठेवा!"

तिसऱ्या शनिवारी चाप बसला. काकांनी रायफल रिकामी असल्याची तीनदा खात्री केली, बोल्ट बंद केला आणि दस्त्याचं टोक दहा वेळा रबरी पायपुसण्यावर आपटलं. हा त्यांचा ठरलेला रिवाज. आपटून चाप आपोआप सुटला, तर तो उद्या ठेच लागल्यावरही सुटणार. तो सुटला नाही. मग कोरलेल्या लाकडाला तेल लावून त्यांनी दस्ता वाळत ठेवला, आणि त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवर निळी चिकटटेप लावली. कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "असू दे."

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. बेसमेंटमधल्या टेबलावर काकूंनी पूजा मांडली. काकांची मोजपट्टी, स्क्रू ड्रायव्हर, काकूंचा मिक्सर, माझा लॅपटॉप, आणि मधोमध घडी घातलेल्या टॉवेलवर, नवा चाप वर करून, रायफलचा उघडा लोखंडी भाग. काका वर मुलीशी फोनवर बोलत होते. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, कुंडीतलं शेवटचं झेंडूचं फूल ठेवलं, आणि मी हौसेनं मूठभर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला गेले तेव्हा काकांनी दस्ता आणि टॉवेलसकट पूजेतला तो लोखंडी भाग माझ्या हातात दिला. "दोनच स्क्रू आहेत, घरी बसव. बसवलीस की पुन्हा रबरी पायपुसण्यावर दहा वेळा आपटायची. रिकामी, तीनदा बघून." मी घरी आले, झेंडू काढला, अक्षता फुंकून टाकल्या, कुंकू पुसलं, स्क्रू आवळले. आपटायचं मात्र राहिलं. ऑफिसात रिलीजची गडबड होती हे खरं, पण खरं कारण म्हणजे मला कंटाळा आला. परवाच तर दहा वेळा आपटली होती!

शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. बाकावर बसताना काकांनी विचारलं, "आपटून बघितलीस?"

"हो काका. दहा वेळा." मी सहज खोटं बोलले.

काकांनी रायफल उचलली, उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे दिली. मी काडतूस हातात घेतलं.

"थांब," ते म्हणाले. "परवा चाप बसवताना त्याच्या स्क्रूकडे माझं नीट लक्ष नव्हतं बहुतेक. मनाला खातंय. एकदा बघू दे मला."

मला असा राग आला! शेजारी नारिंगी टोपीवाला म्हातारा आमच्याकडे बघत होता, आणि काका गाडीतून चक्क पायपुसणं घेऊन आले. रेंजवरच्या माणसाची परवानगी काढली. बोल्ट उघडून आत पाहिलं, करंगळी घालून पाहिली, मला पाहायला लावलं, त्या म्हाताऱ्यालाही पाहायला लावलं. मग बोल्ट बंद करून रायफल वीतभर उचलली आणि पायपुसण्यावर एकदा आपटली.

खट्.

चापाला कुणी हात लावला नव्हता. म्हाताऱ्यानं टोपी काढली. "मॅम, आय ॲम ग्लॅड दॅट वॉज एम्प्टी," तो म्हणाला.

मी हातातलं काडतूस बाकावर ठेवलं. दोन आठवड्यांनी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होणार होता. ऑफिसातल्या एकानं त्याच्या रानात बोलावलं होतं, आणि तिथे झाडीतून माझा नवरा समीर चहाचा थर्मास घेऊन पुढे चालणार होता, मी भरलेली रायफल घेऊन त्याच्या मागे. कदाचित रेंजवर ती दिवसभर शहाण्यासारखी वागलीही असती. आणि मग तिकडे एखाद्या मुळाला पाय अडखळला असता. त्या दिवशी घरी गेल्यावर मी समीरला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. "काय झालं?" तो विचारत राहिला.

त्याआधी आम्ही काकांच्या बेसमेंटमध्ये रायफल उघडली होती. काकांनी चापाच्या पेटीत चिमटा घातला आणि तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकवानं लाल झालेला. तो अडकल्यामुळे चापाचा आतला खटका पुरता बसतच नव्हता, नुसता कडेवर टेकून राहिला होता. काकांनी तो दाणा तळहातावर घेतला. वरून काकूंनी हाक मारली, "जेवायला या रे!"

"हिला सांगू नकोस," काका हळूच म्हणाले. "पुन्हा कधी अक्षतांना हात लावायची नाही ती. आणि चूक माझीच आहे. पूजेच्या वेळी मी फोनवर बसलो."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अक्षता मी टाकल्या, न आपटता आपटली म्हणून मी सांगितलं. पण त्यांनी चूक अशी झटकन अंगावर घेतली की मी तशीच जेवायला वर गेले. सहा वर्षं ते मनात राहिलं. त्यांच्या तोंडून "थांबा" ऐकलं की मला ते आठवायचं.

गेल्या उन्हाळ्यात काकाकाकू घर विकून दहा तासांवरच्या पिस्कॅटवेला मुलीकडे गेले. निघायच्या दिवशी काकांनी हत्यारांच्या कपाटातला एक खण काढून माझ्या हवाली केला. कानशी, चिमटा, छोटे स्क्रू ड्रायव्हर. काकूंनी डोळे पुसत लाडूचा डबा दिला. गाडीत बसल्यावर काकांनी बेल्ट लावला, जावयाला आरसा पाहायला लावला, ब्रेक दाबून पाहायला लावला. "थांबा," त्यांनी सुनावलं. जावई इंजिन सुरू करायला निघाला होता.

खण मी आठवडाभरानं आवरायला घेतला. तळाशी स्क्रू ठेवायची एक प्लास्टिकची पिशवी होती. आत तांदळाचा एक फिकट लाल दाणा, आणि त्याच्याबरोबर निळ्या टेपचा तुकडा. टेपवर काळा डाग एकच होता. बाकी ती कोरी होती. पिशवीवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "अक्षत, नग १. टेप, आपटल्याची खूण १."

मी जमिनीवर बसले. पायपुसण्याचं काळं रबर टेपला लागतं. दहा वेळा आपटली असती तर दहा डाग पडले असते. हा एकच डाग काकांनी रेंजवर आपटली तेव्हाचा; त्याआधी टेप कोरीच होती. रेंजवर रायफल हातात घेतल्याक्षणी त्यांना कळलं होतं की मी खोटं बोलतेय.

मी लगेच फोन लावला. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"थांब, टीव्ही बारीक करतो," ते म्हणाले. मग परत फोनवर येऊन, "टेप सापडली वाटतं."

"मग बोलला का नाहीत? स्क्रूचं निमित्त कशाला काढलंत?"

"अगं, तिथे त्या म्हाताऱ्यासमोर तुला खोटी पाडली असती तर तू रागावून निघून गेली असतीस. रायफल घेऊन. मला रायफल थांबवायची होती."

मला एकदम रडू आलं आणि हसूही आलं. सहा वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं. "सॉरी काका," मी म्हणाले. हे शब्द म्हणायला मला केवढा वेळ लागला!

"असू दे," काका म्हणाले. "समीर कुठाय?"

स्वयंपाकघरात समीर थर्मास धूत होता. मी फोन त्याच्या हातात दिला.