कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

ती केस आठवली की आजही माझ्या मुठी वळतात!

गावोगाव सायबर कॅफे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. मी दौंडला फौजदार होतो. दसरा नुकताच झाला होता. कुरकुंभच्या कंपनीत काम करणारी एक तरुणी भावाला घेऊन ठाण्यात आली. होणाऱ्या नवऱ्याबरोबर ती कॅफेच्या केबिनमध्ये बसली असताना कुणीतरी चोरून चित्रण केलं होतं. त्याची सीडी शिरूरपर्यंत विकली जात होती.

भाऊ म्हणाला, "साहेब, तक्रार नको. हिची नोकरीच बंद करतो."

"का म्हणून, दादा? चोरी त्यानं केली आन् कोंडून मी घ्यायचं?"

मी तिथंच फिर्याद नोंदवली. खबऱ्यानं दुजोरा दिला, "माल कॅफेतूनच जातोय, साहेब. पर मालक लई बेरकी हाय."

पंच घेऊन छापा घातला. आमचे आप्पा हवालदार मॉनिटर उचलायला लागले.

"आप्पा, तो टीव्ही राहू द्या! खालचा सीपीयूचा डबा घ्या!" मी ओरडलो.

मालक फिदीफिदी हसला. दारावर त्याचीच पाटी होती : 'अश्लील साइट पाहण्यास सक्त मनाई'. केबिनची फळी उचकटली आणि मागे बोटाएवढा कॅमेरा निघाला. त्याचं हसू गेलं.

ठाण्यात आणल्यावर तो म्हणाला, "माझा न्हाई, साहेब. गिऱ्हाइकानं बसवला आसंल. मी समदं सरकारी नियमानं चालवतो."

मी विषय बदलला. "दसऱ्याला पूजा केलीस का रे मशिनींची?"

"केली की! पोटापाण्याची हत्यारं ती."

"सगळ्यांची?"

"व्हय. एकबी सोडली न्हाई. माझ्या हातानं कुंकू लावलं."

मी कॅमेरा टेबलावर उलटा ठेवला. पाठीवर कुंकवाचा ठसठशीत टिळा! आप्पा हवालदार टेबलावर थाप मारून म्हणाले, "गिऱ्हाईक लई देवभोळं दिसतंय!" मालकानं मान खाली घातली आणि तो सगळं ओकला.

काही सीड्या हाती लागल्याच नाहीत, हे खरं. गावातले पुढारी मात्र लगेच सांगत सुटले, पोरींना कॅफेत पाठवू नका! संताप आला मला. इंटरनेटवर सरकारनं काय बंद करावं, यावर खुशाल भांडा. पण बाईला न विचारता तिचं चित्र विकणारा नियमाच्या पाटीआड सुखानं बसत असेल, तर तो नियम काय कामाचा? कायद्यानं कॉलर त्याची धरावी, तिची नाही. एवढं मला त्या केसनं शिकवलं.

पुरवणी जबाबावर सही करून ती तरुणी उठली. भाऊ खाली बघत बसला होता.

"चल दादा, मला स्टँडवर सोड. कंपनीची गाडी चुकंल."

त्यानं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली.