पहारेकऱ्याचं मत

देवमन काका माझ्या दुकानात आले ते माफीनामा टाइप करून घ्यायला. दोन हजार सतराचा ऑगस्ट होता. चांदूर रेल्वेच्या स्टेशन रोडवर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर, आणि कर्जमाफीच्या अर्जासाठी दारात अर्धा तालुका उभा. सर्व्हर दिवसातून दोन तास चालायचा. उरलेला वेळ आम्ही सगळे स्क्रीनवरच्या फिरत्या चकतीकडे बघत बसायचो.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अक्षर मॅनेजर शेषरावांचं. ‘मी ड्युटीवर झोपलो होतो, त्यामुळे जिनिंगची मोटर चोरीस गेली, चूक मान्य आहे, माफी असावी.’ खाली सहीला जागा. काटापूजनाच्या दिवशी, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला वजनकाटा पुजतात तेव्हा, हा कागद जिनिंगच्या मालकाच्या, शेठच्या हातात दिला की काकांना गेटवरची नोकरी परत मिळणार होती.

बावीस वर्षं ते गावाबाहेरच्या त्या जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पहारेकरी होते. गेटमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक गाडीवानाकडून विडी-काडी काढून घ्यायची, आणि जाताना ज्याची त्याला परत द्यायची. कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरते. बावीस वर्षांत एकाची काडीपेटी दुसऱ्याच्या हातात गेली नाही, असं जुने गाडीवान अजून सांगतात. चार वर्षांपूर्वी भर दुपारी तिथली मोटर चोरीला गेली, शेषरावांनी ‘देवमन झोपला होता’ म्हणून सांगितलं आणि काका घरी बसले. तेव्हापासून दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातात. पण वावरं पिकली तर रोज. गावातले टवाळ त्यांना पाहून घोरल्याचा आवाज काढायचे. एकदा मीही त्यावर हसले होते. आज लाज वाटते.

मी म्हटलं, काका, बसा, दहा मिनिटांत करून देते. ते म्हणाले, या लोकांचं होऊ दे आधी. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हाही तेच. चार दिवस त्यांना कसलीच घाई नव्हती. रांगेला नंबर लावून द्यायचे, म्हाताऱ्यांना पंख्याखाली बसवायचे, दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. माझ्या गिऱ्हाइकांच्या काडीपेट्याही त्यांनी सवयीनं जमा करायला घेतल्या होत्या.

सर्व्हर पडला की मी गेम खेळते. बत्तीस वर्षांची बाई गेम खेळते म्हणून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. अकोल्याच्या माझ्या मामेभावानं, अरीबनं, मला गुप्तहेरांचा एक गेम दिला होता. बुद्धिबळासारखा, आधी आपली चाल, मग पहारेकऱ्यांची. आपले हेर लपतछपत इमारतीत शिरतात, कागद चोरतात आणि न दिसता बाहेर पडतात. काका माझ्या खांद्यावरून बघायला लागले आणि पहिल्याच डावात त्यांनी नाक मुरडलं.

“हा पहारेकरी रोज एकाच वाटेनं फिरते. असा फिरला तर चोर घड्याळ लावून येईल. मी कधी उजव्या अंगानं जावो, कधी डाव्या, कधी मधातूनच वापस.”

गेमच्या पानावर खेळणाऱ्यांची मतं लिहिलेली असतात. मी त्यांना वाचून, मराठी करून सांगायची. एक म्हणे, पहारेकरी फार कडक आहेत, कोपऱ्यातून पण बघतात. दुसरा म्हणे, आंधळे आहेत. चाल परत घ्यायची सोय आहे, तिच्यावरून तर शंभर माणसं भांडत होती. कोण कुठले लोक, उचलली जीभ लावली टाळ्याला. चाल परत घेणं काकांना मुळीच पसंत पडलं नाही. गेलेली दुपार कोणाला परत मिळते, म्हणाले.

सगळ्यात जास्त वाहवा मिळालेलं मत आमच्या अरीबचं होतं. त्यानं हिंदीत लिहिलं होतं की मारामारी करूच नका. पहारेकऱ्याच्या साहेबाच्या आवाजात त्याला खोटा हुकूम पाठवा. तो बिनडोक दार सोडून चालू लागतो, तुम्ही आरामात आत जा. खाली लोक पोट धरून हसले होते.

मी ती युक्ती करून दाखवली. हुकूम गेला, पहारेकऱ्यानं मान हलवली आणि दार सोडून निघाला. माझा हेर आत शिरला.

काका म्हणाले, परत दाखव. मी परत दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी ती दुपार मला सांगितली. शेषरावांनी त्यांना घरून डबा आणायला पाठवलं होतं. शेषरावांचं घर रुळांच्या पलीकडे. फाटक बंद, मालगाडी उभी. तासाभरानं परत आले तर मोटर गायब. शेठपुढं त्यांनी हे सांगितलं होतं, पण शेषराव म्हणाले, मी कुठं पाठवलं, हा तर झोपला होता. मॅनेजरपुढं पहारेकऱ्याचं कोण ऐकतं?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाकडूनच लिहून घ्यायचं. मी म्हटलं, मग शेषरावच चोर.

“चोर कोन ते मले मालूम नाई, पोरी. मी पायलं नाई तर सांगू कसा? मी जागा होतो, येवढं मालूम हाये.”

मग त्यांनी मला गेमवर त्यांचं मत लिहायला लावलं. मी म्हटलं इंग्रजीत करते. नको म्हणाले, जसं सांगतो तसं लिही. मी लिहिलं: “या खेळातला पहारेकरी बिनडोक नाई. त्याले हुकूम आला म्हून तो गेला. हसाचं असंन तर हुकूम देनाऱ्यावर हसा. देवमन, पहारेकरी, बावीस वर्षं.”

संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी त्याला ‘मजेशीर’चा शिक्का मारला होता. एकानं विचारलं, ही कुठली भाषा. अरीबनं अकोल्याहून फोन केला, आपा, हे काय गावठी लावलंय, काढून टाक. मी काकांना सगळं सांगितलं.

“हासू दे. खोडू नको,” ते म्हणाले. आणि शेषरावांचा तो कागद माझ्या टेबलावर सरकवून म्हणाले, आता दुसरा टाइप कर.

तो दुसरा कागद अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. ‘मी झोपलो नव्हतो. मला मॅनेजर साहेबांनी डबा आणायला पाठवलं म्हणून गेलो. दुसरा माणूस उभा न करता गेट सोडलं, ही माझी चूक. तिची माफी मागतो. झोपेची मागत नाही.’

मी त्यांना समजावलं. घरी त्यांच्या पत्नी पार्वताबाई नोकरीची वाट बघत होत्या. खाकी शर्टाला नवी बटणं लावून झाली होती. आधीच्या कागदावर सही केली तर कोणाचं काय बिघडणार होतं? काका माझ्यावर चिडले नाहीत. फक्त म्हणाले की त्या गेटवर खोटं लिहून उभा राहिलो तर गाडीवानाची काडीपेटी कोणत्या तोंडानं मागू.

काटापूजन दसऱ्याला होतं. मी सोबत गेले. काट्याला झेंडूचं तोरण, नारळ, पहिल्या गाड्या रांगेत, कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया एका बाजूला. शेठनी सगळ्यांदेखत कागद हातात घेतला, वाचला आणि शेषरावांकडे दिला. शेषराव हसले. म्हणाले, पुरावा काय? चार वर्षांनी कोणीही गोष्ट रचेल. असल्या शिरजोर माणसाला गेटवर उभं करायचं का, ते शेठनी ठरवावं.

शेठ म्हणाले, देवमन, शेषरावांनी लिहून दिलेल्या पहिल्या कागदावर सही कर आणि आजपासून ये. नाहीतर जा.

“मंग जातो,” काका म्हणाले. “पन सही करून जातो.” त्यांनी शेषरावांच्या हातून आपला कागद घेतला, काट्याच्या कठड्यावर ठेवला आणि त्यावर सावकाश आपलं नाव लिहिलं. कोणीतरी मागून घोरल्याचा आवाज काढला. चार-सहा जण हसले.

तेव्हा वेचणाऱ्या बायांमधून जाईबाई उठली. तिथल्या बायांची ती मुकादम, पंधरा वर्षं त्याच जिनिंगवर. पदरावरचा कापूस झटकत ती काट्यापाशी आली.

“मालक, हा मानूस जागा होता. सायबानं याले डब्यासाठी धाडलं तवा मी गेटाशीच बसून होती. माह्या कानानं आयकलं. कामावरून काढतीन म्हून मी चार वर्सं बोलली नाई. झोपली तं मी होती.”

शेषराव काहीतरी बोलायला गेले, पण शेठनी हात वर केला. जाईबाईनं काकांच्या हातून पेन घेतला. मुनीम सवयीनं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं करायला लागला. नको म्हणाली, येते मले सही. आणि काकांच्या नावाखाली, एकेक अक्षर जुळवत, तिनं आपलं नाव लिहिलं.