ताकदीची सुई

आमच्या सासरी दिवस गेलेल्या बाईचा लाड म्हणजे ताकदीची सुई. दर आठवड्याला सासूबाई मला गावातल्या सुईवाल्याकडे न्यायच्या, आधी स्वतः टोचून घ्यायच्या, मग माझा दंड पुढं करायच्या. म्हणे, त्याचा हात हलका. पदवी कसली होती देव जाणे, भिंतीवर तर नुसतं कॅलेंडर होतं. स्टीलच्या डब्यात कोमट पाणी, त्यात बुचकळलेल्या दोनच सिरिंज, आणि बाहेर अर्धं गाव रांगेत. बी.एड. झालेली मी, अन् गुमान टोचून घेतलं! माझ्याच अकलेची कीव येते.

पाचव्या महिन्यात खामगावला रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का, ऑपरेशन, गोंदण, सुया? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, काही नाही, आमच्या घरी सगळं स्वच्छ असते. बाईंनी पुन्हा मलाच विचारलं, तेव्हा मी सुईवाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यातूनच आलं असणार. बाळाला लागण व्हायची शक्यता कमी, पण पक्कं कळायला ते दीड वर्षाचं व्हावं लागेल. माझ्या गोळ्या बाळंतपणानंतर.

सासूबाईंनी यातलं एवढंच ऐकलं की आजार रक्ताचा आहे. घरी येईस्तोवर त्याचा अर्थही लागला होता: कॉलेजात असताना हिनं काय दिवे लावले कोण जाणे. माझी ताट-वाटी वेगळी झाली. सातव्या महिन्याची वाट न पाहता मला माहेरी लोणारला धाडलं. नवऱ्यानं बॅग एसटीत चढवून दिली, तेवढाच त्याचा पुरुषार्थ.

माहेरीच मुलगी झाली. पुढं तीन महिने गोळ्या खाऊन मी बरी झाले. सासरचं कोणी फिरकलं नाही. पोरीचा रिपोर्ट येऊ द्या, मग पाहू, असा निरोप होता.

पोरगी दीड वर्षाची झाली आणि एक दिवस नवरा दारात उभा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सासूबाईंचं रक्त तपासलं, तर त्यांनाही तेच निघालं. वा रे वा! आता मात्र तो नुसता आजार होता, बिचारीच्या नशिबी आलेला. त्यांच्या वागणुकीबद्दल कोणी ब्र काढला नाही. आईच्या औषधपाण्याला घरात माणूस पाहिजे, म्हणून स्वारी मला न्यायला आली होती.

"मंग त्याईलेबी धाडा ना माहेरी," मी म्हटलं. "मले धाडलं तसं."

त्यानं चहा संपवला आणि परतीच्या एसटीची वेळ विचारली. पोरीचा रिपोर्ट आदल्याच दिवशी आला होता, काही निघालं नव्हतं. त्यानं तो विचारलाच नाही, आणि मीही सांगितला नाही.