वर बी हाय

धम्मपालदादा सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. कॉलनीत त्याला सगळे चूलपाल म्हणायचे. त्याला त्याचा राग यायचा नाही. राखीवहिनी तेवढ्या म्हणायच्या, "घरात गॅस आहे आणि नवरा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या चुली लिंपतो. आमच्या मोरीचा नळ वर्षभर गळतोय."

दादाची आई दम्याने गेली. जन्मभर चुलीपुढे फुंकत बसली म्हणून, असं तो म्हणायचा. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

मी तेव्हा मराठीत एम. ए. करून घरी बसलो होतो. दादा म्हणाला, "तुझं अक्षर बरं आहे. चल माझ्याबरोबर."

पेठच्या पुढे डोंगरउतारावर एक पाडा आहे. चौदा घरं. १९९६च्या फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो. दादाजवळ ताणकाटा होता. कुठल्या घरात दिवसाला किती लाकूड जळतं, ते तो तोलून बघायचा. मी फॉर्म भरायचो. त्याची चूल साधी होती: चिखल, भाताचा भुसा, दोन भोकं आणि भंगार पत्र्याचं धुराडं. लाकूड निम्मं लागायचं. धूर सगळा छपराबाहेर.

भागीबाईच्या घरात शिरलो तेव्हा डोळे उघडवत नव्हते. तिची सून सुलाबाई चुलीपुढे खोकत होती. दादाने विचारलं, "मावशी, धुराचा त्रास होतो?"

"व्हतो ना."

"किती धूर साठतो घरात?"

भागीबाईने हात वर केला. "वर जातो. वर बी हाय."

मी लिहिलं, धूर वरही असतो.

नोव्हेंबरात चौदाही घरांत चुली बांधून झाल्या. एकही घर सोडायचं नाही, हा दादाचा हट्ट होता. प्रत्येक घरात चुलीच्या वर, छपराखाली बांबूची माच होती आणि माचेवर पळसाच्या पानांत बांधलेली काजळलेली गाठोडी. धुराडं वर न्यायचं म्हणून ती आम्हीच बाजूला सरकवली. त्यांत काय आहे ते विचारलं नाही. भागीबाई बघत होती. तीही काही बोलली नाही.

महिन्याभराने गेलो तर सुलाबाईचा खोकला कमी झाला होता. ती दादाला म्हणाली, "भाऊ, आता सासूचं तोंड दिसतं. आधी बरं व्हतं." भागीबाईही हसली. परतीच्या वाटेवर गाडीवर दादा गाणं म्हणत होता. त्याचा आवाज वाईट होता.

जूनमध्ये निरोप आला. या म्हणून.

भागीबाईच्या ओट्यावर गाठोडं सोडलेलं होतं. आत पीठ होतं. पिठात भुंगे फिरत होते. दादाने मूठभर उचललं. बोटांतून सगळं गळालं. उरली ती पोकळ टरफलं.

"बी व्हतं," भागीबाई म्हणाली. "धुरात कीड लागत नाय त्याला."

दादा म्हणाला, "मावशी, आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं की. वर बी हाय म्हणलं." तिने माझ्याकडे बोट केलं. "यानी लिवून घेतलं."

मी भाषेचा पदवीधर. बोलीतलं 'बी' म्हणजे 'सुद्धा' एवढंच माझ्या कानाला कळलं; बियाणं कळलं नाही. तिला वाटलं, लिहून घेतलंय, म्हणजे शिकलेल्या माणसांनी काहीतरी सोय केली असेल. म्हणून ती गप्प राहिली.

चौदाही घरांत तेच झालं होतं. ते भाताचं बी फक्त त्या पाड्यातच होतं. उतारावर पाणी ठरत नाही. पाऊस थांबायच्या आत तयार होणारं भातच तिथे येतं. खालच्या गावांचं भात उशिराचं. ते आणून पेरलं, तर दाणा भरायच्या आत वाळून जातं.

दादाने पिशवीतून छिन्नी काढली. धुराडं काढतो म्हणाला. सुलाबाई चुलीपुढे येऊन उभी राहिली. भागीबाईने तिच्याकडे बघितलं. मग दादाला म्हणाली, "राहू दे रं. आता वर काय हाय राखायला?"

त्या वर्षी त्यांनी नाइलाजाने खालचं भात पेरलं. ते वाळलं. दुसऱ्या वर्षीही वाळलं. मग पाडा पेरायच्या दिवसांतसुद्धा दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला राहू लागला.

दादा बी शोधू लागला. पेठ, सुरगाणा, थेट घाटाच्या कडेची गावं. दर सुट्टीला. घरात शिरला की आधी मान वर करायचा. लोक हसायचे. "पाव्हणं छपराला बघाया आलं," एक म्हातारी म्हणाली होती. मी सोबत असायचो. फॉर्म नव्हता. कारखान्यात त्याचे खाडे वाढले, मेमो आला. वहिनी आता थट्टा करत नव्हत्या.

२०००च्या मार्चमध्ये एका गावात लवकरचं भात मिळालं. दसऱ्याच्या आत येतं, उतारावर येतं, असं घरधनी म्हणाला. दोन ओंजळी दिल्या. दादाने ते रुमालात बांधलं. वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावून गाठ तपासली.

भागीबाई दिंडोरीजवळच्या एका मळ्यात सापडली. छाटलेल्या काड्या गोळा करत होती. वाळली होती. दादाने रुमाल उघडला. तिने एक दाणा उचलून उन्हात धरला, बोटांत फिरवला.

"ह्याला कूस नाय," ती म्हणाली. "आमच्याला टोकाला लांब कूस व्हती. केसावानी."

आम्ही जवळजवळ तीन वर्षं जे शोधत होतो, ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

"पेरून तरी बघा, मावशी," दादा म्हणाला.

"कोण पेरील? पुंजा आता मळ्यावरच राहायचं म्हणतो." पुंजा तिचा मुलगा. तिने रुमाल पुन्हा बांधून दादाच्या हातात दिला. त्याचा चेहरा बघून असेल, पण म्हणाली, "चूल चांगली हाय तुझी. सून खोकत नाय. कधी गेलो घरी तर त्याच्यावरच रांधतो."

मुकादमाने हाक मारली. ती गेली.

मी गाडी सुरू केली. दादा मागे बसला नाही. वेलींच्या ओळीकडे बघत उभा राहिला. मी गाडी बंद केली.