हद्दीपलीकडचं पान

“ऊन नको, बाई. उजेड पुरे.” शेजारची धाकटी वहिनी असं म्हणायची आणि कुंडी खिडकीतून दोन बोटं आत ओढायची.

मी तेव्हा निपाणीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वहिनीच्या खोलीची एकुलती एक खिडकी माझ्या परसात उघडायची. बेळगावच्या कॅम्पातल्या एका माळ्यानं मला बिगोनियाचं रोप दिलं होतं. तुम्ही ते पान बघाल तर बघतच राहाल. मधे रुपेरी पट्टा, कडा जांभळट, पाठ डाळिंबाच्या सालीसारखी लाल. मी शहाणीनं ते उन्हात ठेवून करपवलं. वाचलेलं एक पान वहिनीला गजांतून दिलं.

तिनं पानाच्या शिरांना चाकूच्या टोकानं चिरा दिल्या, ते ओल्या वाळूवर पसरलं आणि वर चार खडे ठेवले. दीडेक महिन्यात चिरेचिरेतून पिल्लं फुटली. दोन वर्षांत सगळी खिडकी भरली.

“एक दे की गं मला.”

“कशी देऊ? हद्द हाय न्हवं.”

हद्द म्हणजे तिचं व्रत. जैन घरांत काहीजण ठरावीक मुदतीपुरतं व्रत घेतात, अमुक हद्दीबाहेर जायचं नाही. त्या हद्दीबाहेर वस्तू देणं-फेकणं हाही दोष, बाहेरून घेणं हाही. व्रत आपणहून घ्यायचं असतं. हिला मात्र नवरा गेल्यापासून दर चातुर्मासात सासरेच वर्षभराचं व्रत घ्यायला लावत, आणि हद्द घराच्या उंबऱ्याची! तेवीस वर्षांची पोर हो ती. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

“मग माझ्याकडून पान घेताना बरी नाही आठवली हद्द?”

“त्याचा उपास केला की एक!” ती खुदकन हसली.

पुढं बेळगावात शिक्षिका होणाऱ्या बायकांचा वर्ग निघाला. मी तिच्यासाठी जागा धरली. “औंदा व्रत घेणारच न्हाय,” ती म्हणाली. “मामंजींस्नी सांगून टाकते. पर ह्या रोपांस्नी पाणी कोण घालंल?”

व्रताच्या दिवशी ती खिडकीशी आली ती डोळे सुजवूनच. “सासूबाईंनी अन्न सोडलं, बाई. शेवटी हात जोडून व्रत घेतलं मी.”

“अगं वेडे, बेळगावची जागा गेली ना!” मी ओरडले. ओरडायला नको होतं. “कसली जागा?” आतून सासऱ्यांचा आवाज आला.

चौथ्या दिवशी खिडकी बुजवायला गवंडी आला.

मी परसात नुसती उभी. विटेवर वीट चढत होती. शेवटच्या फटीतून एक हात बाहेर आला. गवंडी थांबला. ओल्या फडक्याची पुरचुंडी माझ्या पायाशी पडली. आत तिचं सगळ्यात मोठं पान होतं, शिरांना चिरा आधीच दिलेल्या.

मग गवंड्यानं उरलेली वीट बसवली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही. मी भिंतीला तोंड लावून हाका मारल्या, ओ आली नाही.

ते पान मी सावलीत ठेवलं. आज माझी खिडकी भरली आहे. ते फेकल्याबद्दल तिनं किती उपास केले, ते मात्र मला कळलं नाही.